वाघाची गोष्ट आणि दुसरी गोष्ट



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत छापून आला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "अहो, हे पाय कोणाचे?" विषय होता यान मार्टेल यांच्या 'लाइफ ऑफ पाय' या कादंबरीचा. आम्ही त्यांना सांगितले की, हा पाय गणितातला. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराला जे ग्रीक अक्षर वापरतात तो. शाळेत आपण त्याची किंमत २२/७ धरीत होतो. परंतु स्नेह्यांचा प्रश्न अगदीच वावगा नव्हता. आपल्याकडे देवाचा विषय निघाला की पायांचा विषय निघतोच, आणि ही कादंबरीही अखेर देवाच्या पायांपाशी जाऊ पाहते. ती तेथवर पोचते का, आणि पोचत असेल तर कोणत्या वाटेने, एवढेच आज पाहावयाचे आहे.

या पुस्तकाचा आणि आपल्या मुलखाचा एक लहानसा धागा आहे. मार्टेल हे कॅनडाचे लेखक; जन्म १९६३ सालचा, स्पेनमधला. प्रास्ताविकात ते सांगतात की, १९३९ सालच्या पोर्तुगालवर एक कादंबरी लिहावी म्हणून ते मुंबईस उतरले आणि लिहावयास निवांतपणा मिळावा म्हणून माथेरानला गेले. तेथे त्यांच्या ध्यानात आले की, पात्रे आहेत, प्रसंग आहेत, भाषा आहे, पण जीव नाही. पोर्तुगालची ती कादंबरी माथेरानच्या लाल मातीतच निमाली म्हणावयाची. मग ते दक्षिणेस पाँडिचेरीला गेले. तेथील कॉफी हाऊसमध्ये एका वृद्ध गृहस्थाने त्यांना म्हटले की, माझ्यापाशी अशी एक गोष्ट आहे की ती ऐकून तुमचा देवावर विश्वास बसेल. हे प्रास्ताविक म्हणजे कादंबरीचाच एक भाग आहे, तेव्हा त्याच्याकडे साक्षीदाराची जबानी म्हणून पाहावयाचे नाही. पुस्तक २००१ साली निघाले, २००२ साली त्याला बुकर पारितोषिक मिळाले, आणि २०१२ साली आंग ली यांनी त्यावर चित्रपट काढला. आपल्यापैकी अनेकांची या कथेशी ओळख त्या चित्रपटातूनच झाली असेल.

ज्यांनी वाचले नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. पिसीन मोलिटर पटेल हा पाँडिचेरीचा मुलगा. नाव पॅरिसमधल्या एका पोहण्याच्या तलावावरून ठेवलेले. शाळासोबती त्या नावाची नको ती चेष्टा करीत; म्हणून नव्या शाळेत गेल्या दिवशी त्याने स्वतः उठून फळ्यावर आपले नवे नाव लिहिले: पाय. वडिलांचे प्राणिसंग्रहालय. मुलगा जन्माने हिंदू. चौदाव्या वर्षी येशूच्या प्रेमात पडला, पंधराव्या वर्षी एका पाववाल्या सूफीच्या संगतीत नमाज शिकला, आणि तिन्हींतले काहीच सोडावयास तयार होईना. एके दिवशी समुद्रकाठी फिरताना पंडित, पाद्री आणि इमाम एकाच वेळी त्याच्या आईवडिलांसमोर येतात आणि हा मुलगा कोणाचा यावर त्यांची जुंपते. तो प्रसंग एखाद्या प्रहसनासारखा रंगला आहे.

आणीबाणीच्या दिवसांत वडिलांचे मन येथून उडाले. २१ जून १९७७ रोजी पटेल कुटुंब मद्रासहून एका जपानी मालवाहू जहाजाने कॅनडास निघाले. बरोबर विकलेली जनावरे. २ जुलैस जहाज बुडाले. वाचविणाऱ्या होडीत सोळा वर्षांचा पाय, तंगडी मोडलेला एक झेब्रा, एक तरस, एक ओरांगउटान मादी आणि रिचर्ड पार्कर नावाचा बंगाली वाघ. तरसाने झेब्र्याला खाल्ले, ओरांगउटानला मारले. वाघाने तरसाला मारले. त्यापुढे पॅसिफिक महासागर, वाघ आणि मुलगा. १४ फेब्रुवारी १९७८ रोजी होडी मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागली. एकंदर दिवस २२७. शाळेतल्या २२/७ मधले आकडे एकापुढे एक मांडून पाहा.

समुद्रावर माणूस इतके दिवस जगेल काय, अशी शंका घेणाऱ्यांना व्यवहारातले दाखले देता येतात. पून लिम हा चिनी खलाशी १९४२-४३ साली दक्षिण अटलांटिकमध्ये तराफ्यावर १३३ दिवस एकटा राहिला. होसे साल्वादोर अल्वारेंगा हा कोळी २०१२ साली मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून वाहून गेला तो २०१४ च्या जानेवारीत, ४३८ दिवसांनी, मार्शल बेटांवर लागला. तेव्हा दिवसांचा प्रश्न नाही. प्रश्न वाघाचा आहे.

जपानच्या परिवहन मंत्रालयाचे दोन अधिकारी, ओकामोतो आणि चिबा, जहाज का बुडाले याची चौकशी करण्यास मेक्सिकोतील इस्पितळात येतात. वाघाची गोष्ट ऐकून घेतात आणि म्हणतात, हे आम्हांला पटत नाही. तेव्हा पाय त्यांना दुसरी गोष्ट सांगतो. होडीत जनावरे नव्हती. एक खलाशी होता, त्याचा पाय मोडला होता. जहाजावरचा आचारी होता. पाय होता, आणि पायची आई होती. आचाऱ्याने खलाशाचा पाय कापला. तो मेल्यावर त्याचे मांस गळाला आमिष म्हणून वापरले आणि स्वतःही खाल्ले. पुढे त्याने आईला मारले. मग पायने आचाऱ्याला मारले. आणि त्यानंतर आचाऱ्याने जे केले होते तेच पायनेही केले.

झेब्रा म्हणजे खलाशी, तरस म्हणजे आचारी, ओरांगउटान म्हणजे आई, हा मेळ ते अधिकारी स्वतःच घालतात. वाघ म्हणजे कोण, हे आम्ही सांगावयास नको. पाय त्यांना विचारतो: दोन्ही गोष्टींनी जहाज का बुडाले हे कळत नाही, कोणती खरी हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही, दोहोंत माझे सर्व कुटुंब मरते आणि मी दुःख भोगतो. मग दोहोंतली अधिक चांगली गोष्ट कोणती? ते म्हणतात, जनावरांची. पाय त्यांचे आभार मानतो, आणि देवाचेही असेच आहे, अशा अर्थाचे एक वाक्य बोलतो.

पुस्तकाची कीर्ती आहे ती या वाक्यावर. पहिल्या वाचनात आम्हीही तेथे माना डोलावल्या. जग म्हणजे नुसते जन्मणे, खाणे आणि मरणे, ही एक गोष्ट. जगामागे कोणी कनवाळू आहे, ही दुसरी. सिद्ध दोन्ही होत नाहीत; मग चांगली का घेऊ नये? हा युक्तिवाद कोणालाही आवडण्यासारखा आहे. आवडतो म्हणूनच त्याच्याविषयी थोडे सावध असावे, हे आम्हांला पुढे एका बाईंनी शिकविले.

आमच्या वाचनमंडळात या पुस्तकावर चर्चा चालली होती. सर्व मंडळी चांगल्या गोष्टीच्या बाजूची. एक बाई गप्प बसल्या होत्या. त्यांचे यजमान वर्षभराच्या दुखण्याने गेले होते आणि त्या वर्षभर उशाशी त्याच होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, अगदी शांतपणे गेले. ही चांगली गोष्ट. पण ते शांतपणे गेले नाहीत. ते मला ठाऊक आहे. आता मी चांगल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा म्हणजे काय करायचे, ते मला कोणीतरी सांगा."

मंडळाची चर्चा तेथेच थांबली. कोणाला काही सुचले नाही, आम्हांलाही नाही. आम्ही घरी येऊन पुस्तक पुन्हा काढले, आणि या वेळी त्या प्रसिद्ध वाक्यावर न थांबता पुढच्या ओळी वाचल्या. पहिल्या वेळी त्या आमच्या डोळ्यांखालून निसटल्या होत्या. देवाविषयीचे ते वाक्य बोलून झाल्यावर खोलीत शांतता पसरते. चिबा विचारतो की, हा आता काय म्हणाला? ओकामोतो म्हणतो, मला ठाऊक नाही. आणि मग चिबाचे लक्ष जाते: मुलगा रडतो आहे.

ते रडणे आम्हांला फार मोलाचे वाटते. चांगली गोष्ट निवडली की वाईट गोष्ट पुसली जाते, असे जर लेखकाला म्हणावयाचे असते तर त्याने पायला त्या जागी हसविले असते. पाय रडतो, कारण त्याच्यापाशी दोन्ही गोष्टी आहेत आणि दोन्ही राहणार आहेत. निवड अधिकाऱ्यांनी केली, त्याने नव्हे. आपली गोष्ट कोणती, हे तो पुस्तकभर एकदाही तोंडाने सांगत नाही.

या पुस्तकाचे नाव घेऊन, जे ऐकावयास गोड ते खरे मानावे, असा उपदेश करणारेही आढळतात. त्यांनी पुस्तक नीट वाचलेले नाही. केळी पाण्यावर तरंगत नाहीत, असे ओकामोतो ठासून सांगतात. पाय वाद घालीत नाही. खोलीतले पाण्याचे कुंड भरून केळी आत टाकावयास सांगतो. केळी तरंगतात. जी गोष्ट पाहता येते ती पाहूनच ठरवावयाची, हा प्राणिसंग्रहालयात वाढलेल्या या मुलाचा पहिला नियम आहे. आपल्या प्रश्नाला त्याने आधी केवढी कुंपणे घातली आहेत तेही पाहा. जेथे पुरावा नाही, जेथे ऐकणाऱ्याचे काही बिघडत नाही, आणि जेथे दुःख दोन्हीकडे सारखेच आहे, तेथेच तो चांगली गोष्ट कोणती असे विचारतो. जहाज का बुडाले, या प्रश्नाला तो चांगल्या गोष्टीने उत्तर देत नाही. औषधाच्या बाबतीत, न्यायाच्या बाबतीत, इतिहासाच्या बाबतीत जो कोणी पायचा दाखला देईल, त्याला केळी पाण्यात टाकावयास सांगावे.

आता वाघाकडे वळू. वाघाची गोष्ट ही खरोखर गोड गोष्ट आहे काय? त्याचे नावच पाहा. कादंबरीत ते कागदपत्रांतल्या चुकीने पडते: शिकाऱ्याचे नाव वाघाला जाते, वाघाचे शिकाऱ्याला. पण त्या नावाला जुना इतिहास आहे. एडगर ॲलन पो यांच्या १८३८ सालच्या कादंबरीत रिचर्ड पार्कर नावाचा खलाशी आहे. भुकेलेल्या सोबत्यांनी चिठ्ठ्या टाकल्यावर त्याची चिठ्ठी निघते आणि त्याला खाल्ले जाते. त्यानंतर ४६ वर्षांनी, १८८४ साली, मिन्योनेट नावाची इंग्रजी नौका दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली. लहानशा होडीत चौघे उरले. विसाव्या दिवसाच्या सुमारास कप्तान डडले आणि त्याचा सहकारी स्टीफन्स यांनी १७ वर्षांच्या आजारी पोऱ्याला मारले, आणि तिघांनी त्याचे मांस खाऊन जीव जगविला. त्या पोऱ्याचे नाव रिचर्ड पार्कर. इंग्लंडच्या न्यायालयाने निर्णय दिला की, जीव वाचविण्याची निकड हे खुनाचे समर्थन होऊ शकत नाही. शिक्षा फाशीची सांगितली गेली, आणि नंतर ती सहा महिन्यांच्या कैदेवर आणली. हा निवाडा आपल्याकडील कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही शिकवितात. म्हणजे ज्याला खाल्ले गेले त्याचे नाव लेखकाने खाणाऱ्याला दिले आहे. वाघाच्या गोष्टीत दुसरी गोष्ट नावापासूनच दडलेली आहे. ती लपविलेली नाही. तिला राहावयास जागा दिलेली आहे.

आणि वाघाला जागा देणे म्हणजे काय, हे कादंबरीचा मधला, सर्वांत मोठा भाग सांगतो. पाय शाकाहारी. पहिला उडणारा मासा मारताना तो ढसढसा रडतो, आणि त्या माशासाठी पुढे आयुष्यभर रोज प्रार्थना करतो. पण दुसरा मासा मारताना रडू येत नाही. हत्येची सवय किती लवकर जडते, हे लेखकाने दोनचार पानांत दाखविले आहे आणि त्यावर प्रवचन झोडलेले नाही. होडीत पाण्याचे १२४ डबे आहेत, आणि उन्हाच्या तापाने खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारी १२ साधने आहेत. पाय रोजचा क्रम आखतो: उठणे, प्रार्थना, वाघाला खाणेपिणे, साधनांची तपासणी, मासेमारी, पुन्हा प्रार्थना. वाघाची हद्द आखतो, शिट्टीने आणि लाटांच्या हिसक्यांनी त्याला त्या हद्दीत ठेवतो. वाघाला मारता येत नाही, होडीतून ढकलता येत नाही. उपाशी ठेवला तर तो आपल्यालाच खाईल. तेव्हा त्याला रोज खाऊ घालावयाचे, आणि मर्यादेत ठेवावयाचे.

आम्हांला वाटते, या पुस्तकातला देव शेवटच्या प्रश्नात नाही. या नित्यनेमात आहे. पाय पुढे कबूल करतो की, वाघ नसता तर मी निराशेने मेलो असतो. त्याच्या भीतीने आणि त्याच्या सोबतीने मला जगविले. माणसाच्या हातून जे भयंकर घडते, किंवा माणसाला जे भयंकर पाहावे लागते, ते त्याच्या होडीतून उतरत नाही. श्रद्धा ते उतरवून देत नाही. ती फक्त त्याच होडीत उद्याचा दिवस काढण्याचा क्रम लावून देते.

आपल्या कीर्तनांतून जनाबाईची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. विठ्ठल तिच्या जात्याशी बसून दळू लागतो. विठ्ठलाने खरोखरच खुंटा धरला काय, असे बुवांना कोणी विचारीत नाही. पण म्हणून जाते हलके होते, असेही कोणी समजत नाही. दळण तेवढेच, पहाट तीच, दासीपण तेच. गोष्टीने वजन कमी केलेले नाही; जात्याच्या दुसऱ्या बाजूला कोणीतरी बसविले आहे. ज्या बायकांनी स्वतः पहाटे दळले त्यांनी ही कथा डोळ्यांत पाणी आणून ऐकली, ती जात्याचे वजन विसरून नव्हे, ते अंगी ठाऊक असल्यामुळे.

बुडालेल्या जहाजाचे नाव 'त्सिमत्सुम' आहे. हा ज्यू गूढवादातला शब्द. सोळाव्या शतकातले इसहाक लुरिया यांच्या उपदेशात तो येतो. सृष्टीला जागा मिळावी म्हणून ईश्वराने स्वतःला आवरून घेतले, ही त्यामागची कल्पना. पाय पुढे टोरांटोत शिकतो तेव्हा एक प्रबंध याच लुरियांवर लिहितो. देव बाजूला सरला म्हणजे उरते ती मोकळी जागा. त्या जागेत समुद्र येतो, भूक येते, आणि माणसाचे हातही येतात. अशा जागी देव कोठे आहे, असे विचारण्यापेक्षा तेथे आपण काय करतो, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

शेवटी किनारा लागतो. वाघ होडीतून उडी मारतो, वाळूवरून जातो आणि मागे वळून न पाहता जंगलात नाहीसा होतो. पाय रडतो. सुटका झाली म्हणून नव्हे. निरोप नीट घेता आला नाही म्हणून. ही खंत त्याला पुढे किती तरी वर्षे छळते. आणि तिकडे ओकामोतोंच्या सरकारी अहवालात, जहाज बुडण्याचे कारण सापडले नाही असे लिहून झाल्यावर, अखेरीस वाघाची नोंद येते: इतके दिवस समुद्रावर जगलेले फार थोडे, आणि पूर्ण वाढलेल्या वाघाबरोबर तर कोणीच नाही, या अर्थाची. ज्याला वाघाची गोष्ट पटली नव्हती त्याच्याच दप्तरात वाघ जाऊन बसला. पण एक विसरू नये. ओकामोतोंनी आधी दुसरी गोष्टही संपूर्ण ऐकली होती. ती ऐकल्यावर त्यांनी वाघाची नोंद केली, म्हणून त्या नोंदीला किंमत आहे. पहिल्याच गोष्टीवर माना डोलावून ते निघून गेले असते तर ती नुसती शिष्टाई झाली असती.

पुस्तक दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर आम्ही त्या बाईंकडे गेलो. उत्तर घेऊन गेलो होतो असे नव्हे. त्यांना एवढेच म्हटले, "समाचाराला येणाऱ्यांना तुम्ही सांगता ती गोष्ट तशीच सांगत जा. तिच्यात खोटेपणा नाही. ती तुमची माया आहे. पण दुसरी गोष्ट तुम्ही एकट्यांनी किती दिवस वाहायची? ती आम्हांला सांगा." त्यांनी चहा ठेवला, आणि मग सांगितली. दीड तास लागला. आम्ही मध्ये काही बोललो नाही. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "शेवटी शेवटी त्यांनी माझा हात धरून ठेवला होता, हे मी कोणालाच सांगितले नव्हते. आधीचे सांगितल्याशिवाय ते सांगताच येत नव्हते."

बंधुभगिनींनो, या कादंबरीने आमचा देवावर विश्वास बसला काय, असे कोणी विचारील तर आम्ही हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. मात्र कोणी दुःखातून उठून आला आणि वाघाची गोष्ट सांगू लागला, तर ती मान देऊन ऐकावी, आणि दुसरी गोष्ट सांगावयास त्याला वेळ लागला तर उठून जाऊ नये, एवढे आम्ही या पुस्तकापासून शिकलो.